सर्व्हर आपला, पण राखण कोणाची?

८ डिसेंबर २०२३ च्या सकाळी आमची वेबसाइट झोपली. आदल्या रात्री केंद्र सरकारची कांदा निर्यातबंदीची अधिसूचना निघाली होती. सकाळी नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी उतरले, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच चौकशी: लिलाव कुठे चालू आहे, आणि चालू असेल तिथे काय भाव पुकारला? हे सांगण्यासाठीच मी आणि माझा मावसभाऊ, ज्याला मी दादाच म्हणतो, निफाड तालुक्यातून ही साइट चालवतो. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, चांदवड, मनमाड आणि राज्यातल्या इतर बाजार समित्यांची रोजची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव, शिवाय मागच्या बारा वर्षांची नोंद. ज्या दिवशी माणसांना तिची खरी गरज होती त्या दिवशी तिच्यावर कोरं पान होतं. गावातले लोक माझ्या वडिलांना, अण्णांना, फोन करून विचारत होते की पोराची साइट का उघडत नाही. ते माझ्या मनाला फार लागलं.

तेव्हा आम्ही व्हीपीएसवर होतो. म्हणजे एका मोठ्या यंत्राचे तुकडे पाडून भाड्याने दिलेले, त्यातला एक आमचा. मी लॉगिन करून यंत्रावर कशाचा किती भार आहे हे दाखवणारी टॉप कमांड लावली. सीपीयूच्या ओळीत शेवटी एसटी नावाचा एक आकडा असतो, एरवी तो शून्याच्या आसपास असतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. त्या सकाळी तो तिसाच्या वर होता. एसटी म्हणजे स्टील, इंग्रजीतली चोरी: आपल्या कामाला हवा असलेला सीपीयूचा वेळ त्याच यंत्रावरचे दुसरे भाडेकरू घेऊन जात आहेत. आमच्याकडची गर्दी खरी होती, पण त्या गर्दीला पुरायला जो सीपीयू आम्ही विकत घेतला असं समजत होतो, तो आमच्या एकट्याचा नव्हताच.

अण्णांना मी हे सामायिक विहिरीचं उदाहरण देऊन सांगितलं. पाच भावांची एक विहीर, पाळीपाळीने मोटार चालते. उन्हाळ्यात सगळ्यांना एकदम पाणी लागलं की कोणाचंच भिजत नाही. ते लगेच म्हणाले, "मग स्वतःची विहीर पाडा ना."

डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे अख्खं यंत्र एकट्याने भाड्याने घ्यायचं, हे असं ठरलं. त्याआधी दोन पर्याय तपासले, तेही सांगतो. पहिला, पानं कॅश करून, म्हणजे तयार प्रती साठवून, त्या वाटणारं सर्व्हरांचं जाळं (सीडीएन) पुढे लावणं. ते आम्ही केलंच आणि त्याने पुष्कळ भार उतरला. पण आमचे लोक मुखपृष्ठ बघून थांबत नाहीत. "मागच्या वर्षी याच आठवड्यात येवल्याला लाल कांदा काय गेला" हे शोधतात, आणि असा प्रत्येक शोध थेट डेटाबेसवर जातो. दुसरा, मोठ्या कंपन्यांचं क्लाउड, गरजेप्रमाणे वाढणारं. तिथे गर्दीच्या महिन्याचं बिल किती येईल हे आधी सांगता येईना, आणि आमची जाहिरातींची कमाई ठरावीक. महिन्याला बांधलेली रक्कम हवी होती.

जागा मुंबई. युरोपात त्याच पैशांत यंत्र दणकट मिळत होतं, पण नाशिकहून मुंबईला पिंग, म्हणजे यंत्राला मारलेली हाक, दहा-पंधरा मिलिसेकंदांत परत येतो आणि युरोपातून यायला दीडशेच्या आसपास लागतात. शेतात एका कांडीच्या नेटवर्कवर पान उघडणाऱ्याला हा फरक जाणवतो.

मग खरा पेच आला. एकाच यंत्राचे दोन भाव. आठ कोअर, ६४ जीबी ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) रॅम, ९६० जीबीच्या दोन एसएसडी. अनमॅनेज्ड घेतलं, म्हणजे यंत्राची देखभाल आपणच करायची, तर महिना १२,४०० रुपये; मॅनेज्ड घेतलं, म्हणजे देखभाल कंपनीची, तर २१,०००. वर १८ टक्के जीएसटी. वर्षाचा फरक लाखाच्या पुढे जात होता. दादा हिशेबाचा माणूस. तो म्हणाला, "अरे, लाख रुपये कशाचे द्यायचे? तू करतोसच की सगळं." आणि ते खरंही होतं. आठ वर्षं मी लिनक्सवर काम करत होतो. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही अनमॅनेज्ड घेतला.

सर्व्हर हातात येतो म्हणजे एक ईमेल येतो. आयपी पत्ता, रूटचा (यंत्रावर सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड, आणि यंत्र अडकलं तर बाहेरून त्याच्या पडद्यापर्यंत पोचायचा आयपीएमआयचा रस्ता. बस्स. यंत्राला वीज, नेटवर्क आणि सुटे भाग देणं ही त्यांची जबाबदारी, बाकी सगळं आपलं. मी उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली टाकून घेतली होती. पहिलं लॉगिन केलं, चहा घेऊन आलो आणि लॉगची फाइल उघडली. पंधरा-वीस मिनिटांत रूटच्या नावाने चुकीचे पासवर्ड मारण्याचे शेकडो प्रयत्न झाले होते. आमच्या साइटचं नावसुद्धा अजून त्या यंत्रावर आलं नव्हतं. आयपी पत्ता जिवंत झाला की दार ठोठावणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, त्याला शोधतातच. ज्यांनी आजवर फक्त शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) वापरलं आहे त्यांनी एकदा तरी ती फाइल वाहती बघावी.

पासवर्डने लॉगिन बंद करून फक्त एसएसएच की (पासवर्डऐवजी किल्लीची फाइल) ठेवली, रूटचं थेट लॉगिन बंद केलं, फायरवॉलमध्ये लागतील तेवढीच पोर्टं, म्हणजे नेटवर्कची दारं, उघडी ठेवली, पुन्हा पुन्हा चुकीचं लॉगिन करणाऱ्याला अडवणारं फेल-टू-बॅन लावलं. डेटाबेसचं पोर्ट बाहेरून दिसत नाही ना, हे दुसऱ्या यंत्रावरून स्कॅन करून पाहिलं. साइटची जोडणी सुरक्षित करणारं लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र तेव्हा ९० दिवसांचंच मिळायचं, म्हणून त्याचं नूतनीकरण आपोआप होतंय का हेही रंगीत तालीम घेऊन तपासलं. सर्व्हर ब्राउझरमधून चालवायचं पॅनेल घेतलं नाही. सीपॅनेल या प्रसिद्ध पॅनेलचं शुल्क २०१९ पासून खात्यांच्या संख्येवर लागतो, आणि आमची एकच साइट. तिच्यासाठी पॅनेलचे पैसे भरायला मन होईना.

आणि मग जो आनंद मिळाला तो खरंच सांगण्यासारखा आहे. चौसष्टपैकी चाळीस जीबी रॅम मी मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसच्या बफर पूलला, म्हणजे नोंदी रॅममध्ये ठेवायच्या जागेला, देऊन टाकली. बारा वर्षांची सगळी नोंद रॅममध्ये बसली. जो शोध आधी चार-पाच सेकंद घ्यायचा तो डोळ्याची पापणी लवायच्या आत येऊ लागला. एसटीचा आकडा कायमचा शून्य. ४ मे २०२४ ला निर्यातबंदी उठल्याची बातमी आली तेव्हा डिसेंबरइतकीच गर्दी झाली आणि साइट हलली नाही. त्या दिवशी दादाने मला फोन करून नुसतं "मस्त चाललीय" एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.

जुलैच्या सुरुवातीला ओपनएसएसएच या दूरून लॉगिन करायच्या प्रोग्राममधली मोठी त्रुटी जाहीर झाली, रेग्रेशन नावाने गाजलेली. उबुंटू २२.०४ वरची आवृत्ती तिच्या टप्प्यात येत होती. सुरक्षेचे अपडेट आपोआप लागतील अशी सोय मी केलेलीच होती, तरी रात्री साडेअकराला उठून आवृत्तीचा आकडा पाहिला, सेवा नव्याने सुरू झाली आहे याची खात्री केली, मगच झोपलो. मला वाटलं, हे मला जमतं. आणि खरोखर जमत होतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अण्णांची बायपास झाली. नाशिकला, आठ दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो आणि दादाचा फोन आला. त्याला विचारायला जड जात होतं. आधी अण्णांचं विचारलं, मग जरा थांबून म्हणाला, "साइट जड झालीय रे. तुला सवड असेल तेव्हा बघ."

लॅपटॉप सोबत होता, फोनचं हॉटस्पॉट लावलं. जड होण्याचं कारण साधंच निघालं: कुठलातरी क्रॉलर, म्हणजे आपोआप पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, आमची बारा वर्षांची पानं एकामागून एक उपसत होता. त्याला दहा मिनिटांत अडवलं. आता आलोच आहे तर बाकीचं बघून घ्यावं म्हणून मी डिस्कची स्थिती दाखवणारी एमडीस्टॅट फाइल उघडली. आमच्या दोन्ही डिस्क रेड-१ मध्ये होत्या, म्हणजे एकीवर लिहिलं जातं ते तसंच्या तसं दुसरीवर. सगळं ठीक असेल तर त्या फाइलीत चौकटी कंसात दोन यू दिसतात. तिथे एक यू होता आणि त्याच्या शेजारी नुसती अधोरेषा.

एक डिस्क गेली होती. कधी? मेल तपासले. डिस्क गळाली की एमडीएडीएम हा प्रोग्राम पत्र पाठवतो, आणि त्याने ते रोज पाठवलं होतं. माझ्या जीमेलवर नव्हे. त्याच यंत्रातल्या रूटच्या टपालपेटीत, जिथे कोणी कधी जात नाही. एकोणीस पत्रं होती. एकोणीस दिवस आमची बारा वर्षांची नोंद एकाच डिस्कवर उभी होती.

पुढचा एक तास मी विसरणार नाही. अनमॅनेज्डमध्येही डिस्क बदलून देणं हे त्यांचंच काम, ते त्यांनी केलं, तक्रार नाही. पण तिकीट टाकल्यावर उत्तर आलं की खराब डिस्कचा सीरियल नंबर कळवा, आणि बदलताना डेटा गेल्यास जबाबदारी तुमची हे मान्य असल्याचं लिहून द्या. हे रास्तच आहे. तंत्रज्ञाने चुकून चांगली डिस्क ओढली तर सगळंच संपतं. अडचण अशी की मेलेली डिस्क स्वतःचा नंबर सांगत नव्हती. म्हणून उलट बाजूने गेलो: जिवंत डिस्कचा नंबर काढला आणि लिहिलं की हा नंबर सोडून जी दुसरी आहे ती काढा, या नंबरला हात लावू नका. तो पंधरा-सोळा अक्षरांचा नंबर मी दुसऱ्यांदा पडताळत होतो तेवढ्यात नर्सने अण्णांचं नाव पुकारलं. डॉक्टर बोलावत होते. मी लॅपटॉप तसाच उघडा बाकड्यावर ठेवून आत गेलो.

डॉक्टरांनी चांगलंच सांगितलं. बाहेर आलो तेव्हा पडद्यावर तो अर्धा लिहिलेला मजकूर तसाच होता.

डिस्क बदलली गेली. जुन्या डिस्कचा विभागणी-तक्ता नवीवर उतरवला, तिला रेडमध्ये जोडलं, तासाभरात दोन यू परत आले. त्यानंतर करायचं एक काम पुष्कळ जण विसरतात: नव्या डिस्कवर बूटलोडर टाकणं. डेटाची प्रत रेड करतो, पण यंत्र सुरू करणारा तो छोटा भाग आमच्या मांडणीत रेडच्या बाहेर होता. तो टाकला नाही तर उद्या जुनी डिस्क गेल्यावर नवीत सगळा डेटा असूनही यंत्र उठत नाही. ते मी रात्री दहाला केलं, अण्णा झोपल्यावर.

घरी आल्यावर पुष्कळ विचार केला. यातलं एकही काम मला येत नव्हतं असं नाही. पत्राचा पत्ता बदलणं दोन मिनिटांचं काम, ते राहून गेलं ही माझी चूक. पण ती चूक सुधारली असती तरी त्या आठ दिवसांत पत्र कोण वाचणार होतं? दादाला लिनक्स येत नाही, त्याने शिकावं अशी माझी अपेक्षाही नाही. तो बाजार समित्यांतून भाव गोळा करतो, ते काम मला येत नाही. म्हणजे सर्व्हरकडे बघणारा माणूस एकच. पीक चांगलं उभं आहे, पण राखणीला एकच जण, आणि त्याच्या घरी आजारपण आलं तर रान मोकळं.

म्हणून आता मला कोणी विचारलं, की मॅनेज्ड घेऊ की अनमॅनेज्ड, तर मी त्याला "तुला लिनक्स येतं का" असं विचारत नाही. तुमच्याकडे रूटचं लॉगिन किती जणांकडे आहे, आणि त्यातले किती जण एकमेकांना न विचारता डिस्क बदलून घेऊ शकतात, हे विचारतो. उत्तर दोन किंवा जास्त असेल तर अनमॅनेज्ड खुशाल घ्या. पैसेही वाचतात आणि यंत्र हवं तसं वळवता येतं. उत्तर एक असेल, आणि त्या साइटवर दुसऱ्या कोणाचं काम अवलंबून असेल, तर तो एक माणूस कितीही हुशार असो, मॅनेज्ड घ्या. शिकण्यासाठी म्हणून कोणी घेत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे अनमॅनेज्डसारखा गुरू नाही.

दिवाळीनंतर मी तीन ठिकाणी विचारणा केली. इथे मोठा धडा मिळाला, आणि तो मला आधी कोणी सांगितला नव्हता. मॅनेज्ड या शब्दाला ठरलेला अर्थ नाही. एका ठिकाणी त्याचा अर्थ होता: आम्ही ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून देऊ आणि यंत्र बंद पडलं तर परत सुरू करू. दुसरीकडे: ओएस, पॅच (दुरुस्तीचे अपडेट), देखरेख, फायरवॉल, वेब सर्व्हर, डेटाबेसची सेवा आणि बॅकअप आमचा, तुमचा कोड तुमचा. तिसरीकडे सगळं होतं, पण त्यांचं पॅनेल घेणं बंधनकारक, कारण त्यांची माणसं पॅनेलमधूनच काम करतात. किमतीत मात्र तिघांत दोन-अडीच हजारांचाच फरक.

मी प्रश्न लिहून काढले होते आणि उत्तरंही लेखीच मागितली. डिस्क गळाली तर तुमच्या लक्षात कशी येते, आणि तुम्ही मला विचारून बदलता की बदलून कळवता? कर्नलचा, म्हणजे ओएसच्या गाभ्याचा, पॅच आल्यावर यंत्र रीबूट करायची वेळ कोण ठरवतं? डेटाबेस चालू आहे पण एक क्वेरी (डेटाबेसमधला शोध) मंद आहे, तर ते तुमचं की माझं? बॅकअप त्याच इमारतीत असतो की दुसऱ्या शहरात? मार्च २०२१ मध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमध्ये एक अख्खं डेटा सेंटर जळालं, आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांच्यापैकी कित्येकांचं सगळंच गेलं. त्यामुळे हा प्रश्न मी सर्वांत वर ठेवला होता. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. ते लॉग कोण ठेवणार? रूटचं लॉगिन माझ्याकडे राहील का, आणि मी स्वतः काही बदललं तर तुमची जबाबदारी संपते का?

एका ठिकाणाहून विक्री विभागाच्या माणसाचा फोन आला. "सर, काळजीच करू नका, सगळं मॅनेज्ड आहे सर." लेखी द्या म्हटल्यावर फोन थंडावले. दुसऱ्यांनी दोन पानांचा मजकूर पाठवला, आणि त्यात आपण काय करणार नाही हे आधी लिहिलं होतं. मला त्यांचं हे पटलं. तरीही एक चाचणी घेतली: रात्री पावणेतीनला त्यांच्या सपोर्टला एक तांत्रिक प्रश्न पाठवला, की रेडच्या सूचना तुमच्याकडे कुठून जातात. वीस मिनिटांत उत्तर आलं, आणि उत्तर देणाऱ्याने मला परत प्रश्न विचारला होता की तुमचा रेड सॉफ्टवेअरचा आहे की हार्डवेअरचा. उलटा प्रश्न विचारणारा माणूस रात्री पावणेतीनला जागा आहे, एवढं मला पुरलं.

नोव्हेंबरच्या शेवटी स्थलांतर. ते त्यांच्या पॅकेजमध्येच होतं. साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या डीएनएसचा टीटीएल, म्हणजे तो पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो काळ, मी चार दिवस आधी एका दिवसावरून पाच मिनिटांवर आणला, म्हणजे नवा पत्ता सगळीकडे लवकर पोचेल आणि काही बिघडलं तर परतही फिरता येईल. रात्री त्यांनी डेटाबेस नेला, साइट उभी केली आणि तिकिटावर लिहिलं: साइट लोड होत आहे, तिकीट बंद करत आहोत.

मी पान उघडलं. पान उघडत होतं, रंग जागेवर होते, आकडे जागेवर होते. मराठी नव्हतं. कांद्याच्या जागी, येवल्याच्या जागी, शेतकऱ्याच्या जागी टोपीवाल्या युरोपीय अक्षरांची आणि चलनाच्या चिन्हांची रांग. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटांचं असतं. डेटाबेस भरताना जोडणीची लिपी लॅटिन धरली गेली तर त्या तीन बाइटांची तीन वेगळी अक्षरं होतात. तसंच झालं होतं. ज्या तंत्रज्ञाने तिकीट बंद केलं त्याला मराठी वाचता येत नव्हतं; त्याच्या दृष्टीने पान भरलेलं होतं आणि सर्व्हरचा प्रतिसाद २००, म्हणजे सगळं ठीक, असा होता. त्याला दोष देऊन उपयोग नव्हता. बरोबर काय दिसायला हवं हे त्याला मीच दाखवायला हवं होतं. जुना सर्व्हर चालूच होता, त्यामुळे काहीच गेलं नाही. यूटीएफ-८-एमबी-४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) लावून पुन्हा नेलं, आणि या खेपेला मी तिकिटावर सहा शब्दांचं चित्र जोडलं: स्थलांतरानंतर हे शब्द असेच दिसले पाहिजेत. त्यात मुद्दाम कऱ्हाड घातलं होतं.

कऱ्हाडची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक स्वतंत्र ऱ घेऊन, दुसरा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडक टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच, डेटाबेसच्या लेखी दोन वेगळी गावं. आमच्या नोंदीत दोन्ही होती, त्यामुळे शोधात निम्मीच सापडायची. हे मी त्यांच्या सपोर्टला विचारून पाहिलं आणि त्यांनी नम्रपणे कळवलं की हे ॲप्लिकेशनमध्ये येतं, कक्षेबाहेर आहे. बरोबर होतं त्यांचं. मी बसून नोंदी भरतानाच दोन्हींचं एक रूप करणारा कोड लिहिला. मॅनेज्ड घेतलं म्हणजे आपलं काम संपलं असं ज्यांना वाटतं त्यांनी ही सीमारेषा नीट बघावी. यंत्र ते सांभाळतात; आपली भाषा, आपला कोड, आपली माहिती यांची काळजी आपणच करायची असते.

जुना सर्व्हर पूर्ण एक महिना समांतर ठेवला. १२,४०० रुपये जास्तीचे गेले. मला ते अजिबात जड वाटले नाहीत.

फेब्रुवारीत एकदा सकाळी बरोबर अकराला साइट चार मिनिटं गेली. ऐन लिलावात. विचारलं तर कळलं की कर्नलचा पॅच लावून ठरलेल्या वेळी रीबूट केला. ठरलेली वेळ होती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, पहाटे साडेपाच. त्यांची मुख्य फळी अमेरिकेत बसते, तिथे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. आपल्याकडे सकाळचे अकरा वाजतात. रीबूटची वेळ कोण ठरवतं हा प्रश्न मी विचारला होता, "ठरलेल्या वेळी" असं उत्तरही मिळालं होतं, पण कोणाच्या घड्याळाने, हे मी विचारलं नव्हतं. आता त्यांच्याकडे आमच्या खात्यावर भारतीय वेळेप्रमाणे रात्री एक ते तीन असं लिहिलेलं आहे, आणि आधी चोवीस तास कळवायचं असंही. त्यानंतर एकदाही दिवसा रीबूट झालेला नाही.

२२ मार्च २०२५ ला बातमी आली की कांद्यावरचं वीस टक्के निर्यातशुल्क १ एप्रिलपासून जाणार. गर्दी झाली, साइट उभी राहिली. मे महिन्यात एका सकाळी फोन पाहिला तर रात्रीचे दोन संदेश होते. पहिला २ वाजून ५० मिनिटांचा: एका डिस्कवर खराब झाल्याने बदललेल्या सेक्टरांची (साठवणीच्या कप्प्यांची) संख्या वाढते आहे, पूर्ण बिघडायच्या आत बदलत आहोत, सीरियल नंबर सोबत. दुसरा ४ वाजून १० मिनिटांचा: डिस्क बदलली, रेड पूर्ण, बूटलोडर दोन्ही डिस्कवर तपासला. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी चहा त्यांच्या शेजारी बसून प्यायलो आणि मग लॅपटॉप उघडून दोन यू पाहून आलो.

बॅकअप मात्र मी त्यांच्यावर एकट्यावर सोडलेला नाही. एक छोटा अनमॅनेज्ड व्हीपीएस दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात, महिना काही शेकड्यांत घेऊन ठेवला आहे. रोज रात्री डेटाबेसची कुलूपबंद प्रत तिकडे जाते. मुख्य सर्व्हरला तिथे नवी प्रत ठेवता येते, जुनी पुसता येत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मी ती प्रत उचलून रिकाम्या डेटाबेसमध्ये भरतो. मग दादाला फोन करतो. तो मनात येईल ती तारीख आणि बाजार समिती सांगतो आणि आपल्या वहीतला आकडा वाचतो, मी पडद्यावरचा वाचतो. मागच्या खेपेला त्याने कऱ्हाडच विचारलं. भाव जुळला, आणि नावही नीट उमटलं होतं.